बिनरंगाचं खत

माझी मोठी जाऊ भित्री आहे, हे आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी कळायचं. सांगणारी बहुतेक वेळा मीच असायची. लिफ्टला ती घाबरायची, कुत्र्याला घाबरायची, टपालानं आलेल्या बंद पाकिटाला घाबरायची. फोन वाजला की तिचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनकडे. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायची आणि रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेली बाई गॅस बंद केलाय का ते बघायला परत यायची. माझे मोठे दीर होते तेव्हा म्हणायचे, "लोक दुधानं पोळले की ताक फुंकून पितात. ही दुधानंही पोळलेली नाही, तरी ही पाणीसुद्धा फुंकून पिते." त्यावर तीच सगळ्यांत जास्त हसायची.

मी तिला वहिनी म्हणते. ती वरच्या घरात राहायची, मी खालच्या. मी कपडे शिवते. माझी ख्याती बरोबर उलटी होती. दुकानदाराशी वाद घालायचा असला, शाळेत जाऊन हेडमास्तरांना चार शब्द सुनवायचे असले, दारात आलेल्या अनोळखी माणसाला वाटेला लावायचं असलं, की घरातले मला पुढे करायचे. मला त्याचा अभिमान होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी वहिनींना दिवसातून एकदा तरी ऐकवायची.

दीर गेल्यावर वहिनींनी काम धरलं, तेही वेलींचं. दीर एका पाच मजली इमारतीत रखवालदार होते. तिथे जिन्यात, ऑफिसांत, बसायच्या खोल्यांत वेलींच्या मोठमोठ्या कुंड्या होत्या आणि बघणारं कुणी नव्हतं. दीरांचं उरलेलं सामान आणायला वहिनी गेल्या तेव्हा त्यांना तिथला मनीप्लांट दिसला. पानं पिवळी, देठ लांबलचक आणि उघडे. त्यांनी नुसतं विचारलं, की याला कुणी पाणी घालत नाही का. व्यवस्थापक म्हणाला, तुम्ही घाला. इतकी साधी गोष्ट, पण त्यानंतर दोन रात्री त्यांना झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि सात वर्षं जात राहिल्या.

मी एकदोनदा त्यांच्याबरोबर जाऊन बघितलं आहे. प्रत्येक वेलीला त्यांनी काथ्या गुंडाळलेला खांब दिला होता. त्या काथ्यावर रोज पाणी फवारायच्या, म्हणजे देठातून फुटलेली बारीक मुळं त्याला धरतात. वेल बांधायला माझ्याकडच्या चिंध्या न्यायच्या, सुती आणि मऊ, आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारायच्या. एक फास खांबाभोवती, एक देठाभोवती. दोरा नको, तो कापतो. पानं ओल्या फडक्यानं पुसायच्या, एका हातानं खालून आधार देऊन, बाळाचं तोंड पुसावं तशी. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायच्या, म्हणजे वेल एकाच खिडकीकडे मान वळवून बसत नाही.

खत मात्र त्या औषधासारखं द्यायच्या. पुडक्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्मं. कोरड्या मातीत कधीच नाही. आधी साधं पाणी, माती ओली झाली की मग खताचं पाणी. थंडीत वेल वाढत नाही, तेव्हा अजिबात नाही. पानांची टोकं तपकिरी झाली आणि मातीवर पांढरा थर दिसला की खत जास्त झालं समजायचं आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत कुंडी नळाखाली धरायची. त्या म्हणायच्या, उपाशी वेल महिनाभर वाट बघते, अजीर्ण झालेली आठवडाभरही बघत नाही. अति तिथे माती, ही म्हण मी कुंडीत खरी होताना पाहिली ती त्यांच्याकडेच. माझं तर मत झालं होतं की भित्र्या माणसाच्या हातचीच झाडं जगतात, कारण धीट माणूस ओतून मोकळा होतो.

सुरुवातीला खत निळं होतं. दुकानात मिळतं ते, पाण्यात टाकलं की शाईसारखं. एकदा पाचव्या मजल्यावर वकिलांच्या पांढऱ्या गालिच्यावर त्याचे चार थेंब पडले. व्यवस्थापकानं बोलावून सांगितलं की या इमारतीत रंगीत काही आणायचं नाही. झारी नाही, डबे नाहीत, चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या नाहीत. आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की वेली आपोआप वाढल्या आहेत. म्हणजे काम करा, पण केलेलं दिसू देऊ नका. हे घरातल्या बायकांना सांगायला नको, पण वहिनी ते ऐकून आठवडाभर कापत होत्या.

मग त्यांनी बिनरंगाचे पांढरे क्षार आणले आणि घरीच खत करायला लागल्या. क्षार पाण्यात विरघळवायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. हे झालं मूळ द्रावण, इतकं कडक की बादलीभर पाण्याला दोन झाकणं पुरतात. विकणाऱ्यानं बजावलं होतं की हे दिसतं पाण्यासारखं, पण पाणी नाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलं तर उलट्या होतील. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर त्याच्या रक्तात प्राणवायू टिकत नाही, बाळ निळं पडतं. वहिनींनी हे मला एका संध्याकाळी चार वेळा सांगितलं. शेवटी मी म्हटलं, आता पाचव्यांदा सांगितलंत तर मीच निळी पडेन.

चिठ्ठ्यांना बंदी, म्हणून त्यांनी रबरबँडची खूण काढली. रोज त्यांच्या पिशवीत विकतच्या पाण्याच्या तीन सारख्या बाटल्या असायच्या. बिनरबराची ती प्यायच्या पाण्याची. एक लाल रबर ती पाणी मिसळलेल्या खताची. दोन लाल रबरं ती मूळ द्रावणाची. प्रत्येक मजला सोडताना त्या बाटल्या बाहेर काढून मोजायच्या, मोठ्यानं, आणि रबरांवरून बोट फिरवायच्या. लोक हसायचे. मीही हसायची.

तो गुरुवार होता. सकाळी आठला वहिनी पिशवी घेऊन खाली आल्या, माझ्या दारात ठेवली आणि गॅस बघायला परत वर गेल्या. माझ्याकडे एक बाई मापं द्यायला बसली होती आणि घाईत होती. कागदी नमुन्यांची गुंडाळी माझ्या हातात उलगडत होती, बांधायला काही सापडत नव्हतं. पिशवीतून बाटलीचं तोंड वर आलेलं दिसलं, त्यावर दोन लाल रबरं. मी ती ओढून काढली आणि गुंडाळीला लावली. मनात एवढंच होतं की वहिनी आल्या की सांगू. वहिनी आल्या, पिशवी उचलली, आणि ती बाई तेव्हा मला बाहीची लांबी सांगत होती. माझ्या डोक्यातून गेलं ते गेलं.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. पिशवीत दोनच बाटल्या होत्या, म्हणाल्या. मूळ द्रावणाची नव्हती. त्या शेवटी तळमजल्यावरच्या पाळणाघरात गेल्या होत्या, तिथून निघताना मुलं रडत होती, त्या गडबडीत आज बाटल्या मोजल्याच नाहीत. सात वर्षांत पहिल्यांदा. पाळणाघर म्हटल्यावर त्यांना पुढे बोलवेना. इमारतीत काम करणाऱ्यांची तान्ही मुलं तिथे असायची, त्या दिवसांत पाच.

"पण दोन रबरं आहेत तिला," त्या स्वतःलाच समजावत म्हणाल्या. "बघणाऱ्याला कळेल काहीतरी वेगळं आहे म्हणून. कळेल ना गं?"

माझ्या मशीनवर नमुन्यांची गुंडाळी पडली होती. तिच्यावरची दोन लाल रबरं मला माझ्या जागेवरून दिसत होती. मी उठले, आणि उठताना एक कापड त्या गुंडाळीवर टाकलं. ठरवून टाकलं असं मी म्हणणार नाही, पण चुकून पडलं असंही नाही.

पाळणाघराचा नंबर आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. व्यवस्थापकाचा होता, तो उचलत नव्हता. इमारत पायी दहा मिनिटांवर होती. आम्ही जवळजवळ पळत गेलो. वहिनी वाटेत एकसारख्या बोलत होत्या. बाटली कुणाच्या हाती लागली असेल, रबरं बघून तरी बाजूला ठेवली असेल, झाकण घट्ट होतं, आपण लावताना दोनदा पिळलं होतं. मी "हो" म्हणत होते. प्रत्येक "हो"बरोबर पुढचं वाक्य तोंडाशी यायचं आणि परत जायचं. मला वाटत होतं, बाटली पाच मिनिटांत सापडेल, मग सांगायची गरजच राहणार नाही. आणि सापडली नाही तर? त्या "तर"च्या पुढे मी जातच नव्हते. पोलीस येतील, नवऱ्याला कळेल, गल्लीत होईल. सगळ्यांत जास्त भीती होती ती वहिनी माझ्याकडे बघतील त्याची. मी, जी यांना रोज शहाणपण शिकवते.

आधी पाळणाघर, असं वहिनींनीच ठरवलं. दार उघडलं ते तिथल्या बाईंनी, कडेवर एक मूल, खांद्यावर टॉवेल. आत पडदे ओढलेले होते, चार मुलं झोपलेली. वहिनींनी हळू आवाजात सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाटलीत काय आहे, ते बाळांना किती वाईट, सगळं. शेवटी म्हणाल्या, दोन लाल रबरं आहेत तिच्या गळ्याला.

बाईंनी मान वळवून खोलीभर नजर टाकली. खिडकीची कड, खेळण्यांची पेटी, अर्ध्या भिंतीपलीकडचा ओटा.

"लाल रबरवाली नाही हो," त्या म्हणाल्या. "असती तर दिसली असती मला. मी सकाळपासून आवरतेय."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला माहीत होतं की या उत्तराला काडीचा अर्थ नाही. लाल रबरवाली बाटली जगात कुठेच नव्हती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. बाईंनी मुलं उठतील म्हणून दार लोटून घेतलं.

लिफ्टला वहिनी घाबरायच्या, म्हणून जिन्यानं पाचवा मजला. इमारतीत वहिनींच्या जागा चारच होत्या, मधले दोन मजले त्या दिवसांत रिकामे होते. वर वकिलांच्या बसायच्या खोलीत सात-आठ माणसं होती, कोपऱ्यात भोकाभोकांच्या पानांची मॉन्स्टेरा छताला टेकलेली. मला वाटलं, वहिनी टेबलामागच्या मुलीच्या कानात काहीतरी कुजबुजतील, छत्री राहिली म्हणतील. मी तसंच केलं असतं. पण त्या खोलीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"माझी एक बाटली हरवलीय," त्या म्हणाल्या. "पाण्यासारखी दिसते, पण तिच्यात कडक खत आहे, विषारी आहे. दोन लाल रबरं लावलेली आहेत. कुणी पिऊ नका. कृपा करून आपापल्या खुर्चीखाली बघा."

एका माणसानं हातातला ग्लास खाली ठेवला. सगळे खाली वाकले. आतून व्यवस्थापक आला, त्याची तिथे कसलीतरी बैठक चालू होती. त्यानं विचारलं काय गडबड आहे, आणि वहिनींनी त्याच्या तोंडावर पुन्हा तेच सांगितलं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की वहिनींचं काम गेलं. त्यांनाही कळलं असणार. त्या फक्त म्हणाल्या की त्या बाजूच्या खोलीतही बघायला हवं.

बाटली तिथे नव्हती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर उतरलो, दातांच्या डॉक्टरांकडे. व्यवस्थापक मागोमाग निघाला, पण जिन्यातच फोनवर अडकला. मी मनात म्हणत होते, इथे असू दे, इथे असू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. लाज वाटते सांगायला, पण बाळं वाचू देत असं मी म्हणत नव्हते. मी वाचू दे म्हणत होते.

डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना वहिनींचं मोजणं पाठ होतं.

"इथून निघालात तेव्हा तीन होत्या," त्या म्हणाल्या. "माझ्याच टेबलावर मोजल्यात. एक, दोन, तीन. मी हसले, आठवतंय ना? रबरांवरून बोट फिरवत होतात, तेवढ्यात डॉक्टरांनी वेल सरकवायला आत बोलावलं तुम्हाला."

वहिनी थांबल्या. तीन इथून निघाल्या होत्या. याच्या खाली त्यांच्या दोनच जागा. पहिल्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस, ते त्या दिवशी बंद होतं, वहिनी तिथे गेल्याच नव्हत्या. राहिलं पाळणाघर.

"पण त्या तर नाही म्हणाल्या," वहिनी पुटपुटल्या. "लाल रबरवाली नाहीच म्हणाल्या. मग गेली कुठे?"

भिंतीवरच्या घड्याळात अडीचला सात मिनिटं होती. मुलं किती वाजता उठतात ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की वहिनी आता चुकीच्या दिशेनं विचार करायला लागल्या आहेत. रस्त्यात पडली असेल, कुणी उचलली असेल. त्या बाहेर रस्त्यावर शोधायला निघाल्या होत्या. माझी दातखीळ बसली होती, ती कशी सुटली ते मला आजही सांगता येणार नाही.

"वहिनी, तिला रबरं नाहीत," मी म्हटलं. "सकाळी मी काढली. तुम्ही गॅस बघायला गेलात तेव्हा. साधी बाटली दिसतेय ती, पाण्याची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी घाबरत होते तसं नाही. माझ्याकडे नीट बघायलाही त्या थांबल्या नाहीत. जिना उतरायला लागल्या होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, दोन-दोन पायऱ्या. त्यांना मी पळताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पाळणाघराचं दार त्यांनी वाजवलं नाही, ढकललं. पडदे उघडलेले होते, एक बाळ उठून रडत होतं. अर्ध्या भिंतीपलीकडे ओट्यावर दुधाच्या पावडरचे डबे होते, आणि डब्यांशेजारी पाण्याच्या पाच बाटल्या ओळीनं लावून ठेवलेल्या. पाचही सारख्या. इमारतीतलं नळाचं पाणी जड, म्हणून बाई बाळांचं दूध बाटलीतल्या पाण्यात करायच्या. ओट्याच्या वरून मनीप्लांटची वेल दोरीनं गेली होती. तिची एक फांदी सुटून लोंबत होती, ती बांधायला दोन हात लागले आणि तहान लागली म्हणून, बिनरबराची म्हणजे पाण्याची समजून काढलेली बाटली वहिनींनी ओट्यावर टेकवली होती. सकाळी वकिलांकडे माणसं बसलेली, म्हणून तिथे त्यांनी बाटल्या पिशवीतच मोजल्या होत्या, रबरांना बोट लावलंच नव्हतं. नंतर बाईंनी आवरताना ती ओळीत लावली. कुणाचं काय चुकलं? सगळ्यांनी आपापलं काम नीटच केलं होतं, एका मला सोडून.

ओट्यावर पातेल्यात गार पाणी होतं आणि त्यात एक दुधाची बाटली निवत ठेवलेली. दुसरी एक रिकामी होत आलेली, बाजूला. बाई रडणाऱ्या बाळाला घेऊन निवत ठेवलेल्या बाटलीकडे हात करत होत्या.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "नका देऊ."

बाई थांबल्या. वहिनींनी त्यांना रबरं निघाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका बाळाला पाऊण तासापूर्वी दूध दिलं होतं. कोणत्या बाटलीतल्या पाण्याचं? त्यांना आठवेना. दोन बाटल्या फोडल्या होत्या, एक कालची, एक आजची. कुठली आधी, कुठली नंतर, त्या सांगू शकत नव्हत्या. त्या नुसत्या ओळीकडे बघत राहिल्या.

वास येत नाही या खताला. रंग नाही. चव आहे, खारट आणि कडू. वहिनींनी एकेक बाटली उघडली, झाकणात थेंब घेतला आणि बोट बुडवून जिभेला लावलं. व्यवस्थापक दारातून म्हणाला, अहो असं काय करता, डॉक्टरांना बोलावतो. त्यांनी ऐकलं नाही. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला त्यांचं तोंड वाकडं झालं, त्या ओट्यावरच्या सिंकमध्ये थुंकल्या. ती बाटली चार बोटं कमी होती.

चार बोटं म्हणजे एका वेळचं दूध. ते दोन बाटल्यांपैकी एकीत होतं. एक निवत होती, एक बाळाच्या पोटात गेली होती.

ते बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. मी त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. त्याच्या ओठांचा रंग कसा आहे ते मला कळेना. गुलाबी वाटावेत, पुन्हा निळसर वाटावेत. पडद्याचा रंग निळा होता, त्याची छाया असेल. वहिनींनी ती रिकामी होत आलेली बाटली उचलली. तळाशी घोटभर दूध राहिलं होतं. त्यांनी ते सरळ तोंडात ओतलं.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बाईंच्या कडेवरचं बाळ तेवढं भुकेनं रडत होतं.

"गोड आहे," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी पातेल्यातली दुसरी बाटली घेतली, थेंब जिभेवर घेतला आणि पुन्हा थुंकल्या. ती कडू होती. रडणाऱ्या बाळाची होती. आम्ही आणखी दोन मिनिटांनी आलो असतो, तर ती त्याच्या पोटात गेली असती.

पुढचं सगळं भराभर झालं. एक डॉक्टर आले, दोन्ही बाळांना तपासून बरी आहेत म्हणाले, वहिनींना भरपूर पाणी प्यायला सांगितलं. व्यवस्थापकानं त्यांना बाजूला घेऊन उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. वहिनींनी त्याला सांगितलं होतं, बाटली माझी, ठेवली मी, मोजली नाही मी. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला हात लावून मला गप्प केलं. आणि मी झाले. त्या दिवशी गप्प होणं मला फारच सोपं जात होतं.

मी म्हटलं, चला घरी. त्या म्हणाल्या, नाही, त्या रडणाऱ्या बाळाची आई पाचला येते, तिला मी सांगणार. मी म्हटलं की पाळणाघरातल्या बाई सांगतील, डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, तुम्ही कशाला शिव्या खाताय. त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. जवळजवळ दोन तास. मधे एकदा उठून त्यांनी ती लोंबणारी फांदी दोरीला बांधली आणि पुन्हा येऊन बसल्या.

"तुझ्या लक्षात कधी आलं?" त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता.

खोटं बोलता आलं असतं. तिसऱ्या मजल्यावर आठवलं म्हणता आलं असतं, आणि त्यांनी विश्वास ठेवला असता.

"घरीच," मी म्हटलं. "तुम्ही दारात होतात तेव्हा."

त्यांनी पदरानं हात पुसले. मी वाट बघत होते की ओरडतील, रडतील, काहीही करतील.

"मला वाटायचं, या घरात घाबरणारी मी एकटीच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पाचला आई आली. कोवळी मुलगी होती, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. वहिनी उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, बाटली ओट्यावर टेकवण्यापासून ते डॉक्टरांच्या कागदापर्यंत. फक्त रबरांचं सांगितलं नाही. त्या मुलीनं बाळाला उचलून घेतलं, त्याचं तोंड बघितलं, हात बघितले, पायाची बोटं बघितली. मग ती रडायला लागली आणि वहिनीही. वहिनी पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या.

"पण कळल्याबरोबर आलात ना तुम्ही?" ती डोळे पुसत म्हणाली. "कळल्याबरोबर पळत आलात दोघी. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं."

वहिनी म्हणाल्या, हो, कळल्याबरोबर. त्यांच्यापुरतं ते खरं होतं. मी खाली बघत होते.

तिला बाळाच्या पिशवीत कपडे आणि डॉक्टरांचा कागद भरायचा होता. दोन्ही हात मोकळे हवे होते. तिनं वहिनींकडे बघितलं, तर त्यांचे हात अजून लटपटत होते, नखांपर्यंत. मग तिनं माझ्याकडे बघितलं. माझे हात स्थिर होते.

"तुम्ही धरता का जरा याला?" ती म्हणाली, आणि बाळ माझ्या हातात दिलं.